उन्हाची धाप आणि मानमोडीची धाप

मे महिन्यातली दुपार. खुराड्याच्या आडोशाला कोंबडी चोच उघडी टाकून बसलेली, पंख अंगापासून सुटे, डोळे अर्धवट मिटलेले. बघणारा म्हणतो, "ऊन लागलंय." बहुतेक वेळा ते खरंच असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या परसात मात्र ते खरं नव्हतं. नवतपा सुरू होता, अकोल्याकडचं ऊन, म्हणून मीही तेच धरून चालले. ओलं बारदान टांगलं, पाणी वाढवलं, सगळ्या कोंबड्या कडुनिंबाच्या एकाच सावलीत आणून सोडल्या. सहा दिवसांत अकरा गेल्या. ती मानमोडी होती, म्हणजे राणीखेत रोग. आजारी आणि धडधाकट सगळ्यांना मीच एका परळावर पाणी प्यायला लावलं होतं.

उन्हात कोंबडी धापते, कारण तिला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नसतात. अंगाचं तापमान मुळात 41 अंशांच्या आसपास, वर पिसांचं पांघरूण. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे तुरा आणि चोचीखालचे लाल लोंबते गल आहेत, पण हवाच अंगाइतकी तापली की त्यांचाही उपयोग राहत नाही. मग उरतो श्वास. एरवी मिनिटाला 25-30 वेळा श्वास घेणारी कोंबडी दीडशेच्या वर जाते. श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन उडतो आणि अंग थोडं निवतं. म्हणजे उन्हाची धाप हे दुखणं नाही, तो तिचा निवण्याचा मार्ग आहे. तो अपुरा पडला, तुरा फिका किंवा निळसर पडला, कोंबडी पाय पसरून लोळली, तर मात्र तासाभराचा खेळ असतो.

मानमोडीत धाप लागते ती श्वासमार्गच सुजल्यामुळे. विषाणूचा रोग. 1920च्या दशकात कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला आपल्याकडे तो नोंदला गेला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलचं चिकटलं तसंच. आपलं मानमोडी हे नाव मला जास्त नेमकं वाटतं, कारण शेवटी मान वाकडी होते, मागे वळते, कोंबडी गोल गोल फिरते. पण ते उशिराचं लक्षण आहे. पहिल्या दोन दिवसांत फक्त उघडी चोच दिसते, आणि फसगत तिथेच होते.

दुपारी बघून यातला फरक कळत नाही, पहाटे बघावं लागतं. पत्र्याचं खुराडं रात्री उशिरापर्यंत तापलेलं असतं, म्हणून झोपण्यापूर्वीची पाहणीही धरू नका. पाचच्या सुमाराला, हवा सर्वांत गार असताना जा आणि दार उघडण्याआधी कान द्या. उन्हाने धापणारी कोंबडी तेव्हा चोच मिटून शांत बसलेली असते. त्या वेळीही एखादी मान वर ताणून श्वास ओढत असेल, आतून घरघर येत असेल, शिंकेसारखा आवाज होत असेल, तर ते ऊन नव्हे. उन्हाची धाप वेगवान असते, पण तिला घरघर नसते. घरघर म्हणजे मानमोडीच असंही नाही, जुनाट सर्दीतही ती होते. पण कोंबडी वेगळी करायला तेवढं कारण पुरे.

दुसरी खूण, कोणाला धाप लागली आहे. ऊन सगळ्यांना एकदम लागतं आणि आधी कोसळते ती भारी, अंगाने भरलेली कोंबडी, बहुधा दुपारी पोटभर दाणे खाल्लेली. खुडूक कोंबडीही जाते, कारण ती अंडी सोडून पाण्याला उठत नाही. चपळ गावठी तलंगा तग धरतात. रोग हा भेद करत नाही. आज दोन, परवा पाच असा तो पसरतो, आणि लस न टोचलेल्या कळपात जवळजवळ सगळ्यांना नेऊ शकतो. शीटही बघा. उन्हात पाणी जास्त पिल्याने ती पातळ होते, मानमोडीत हिरवट होते.

अंड्यांवरून मात्र निर्णय करू नका. पातळ कवचाची, पिचकी अंडी दोन्हीकडे येतात. उन्हात धापून धापून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाचा कॅल्शियम कार्बोनेट नीट बनत नाही, शिवाय खाणंही कमी होतं. मानमोडीत अंडं तयार होण्याची जागाच बिघडते. शिंपल्यांचा चुरा ठेवा, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

ऊनच असेल तर कोसळलेल्या कोंबडीचे पाय आणि पोटाकडचा भाग साध्या गार पाण्यात बुडवा, तुरा ओला करा. बर्फाचं पाणी नको, डोकं बुडवणं नको. दाणे सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या, कारण पचनाची उष्णता काही तास अंगात राहते. पाणी मातीच्या भांड्यात, दोन-तीन ठिकाणी, त्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ. पत्र्यावर चुना आणि वर पऱ्हाटीचा जाड थर टाकला की आतला फरक हाताला जाणवतो.

ओल्या बारदानाचं मात्र गाव बघून ठरवा. आमच्याकडे कोरडी हवा, त्यामुळे पाणी पटकन उडतं आणि गारवा येतो. रत्नागिरीकडे पारा 35च्या आसपासच असतो, पण हवेत आधीच दमटपणा. तिथे ओलं बारदान लावलं की कोंबडीच्या श्वासातली वाफही उडेनाशी होते. कोकणात वारा खेळता ठेवणं जास्त कामाचं: खुराड्याच्या दोन बाजूंना जाळी आणि रात्री कमी गर्दी.

रोगाचा संशय असेल तर यातलं एक काम उलटं करायचं. सगळ्यांना एका सावलीत, एका पाण्यावर आणायचं नाही. धापणारी कोंबडी लांब डालग्याखाली, तिचं भांडं वेगळं, तिचं काम सर्वांत शेवटी. मानमोडीवर औषध नाही. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका, घरी चिरून बघू नका, चुना टाकून खोल पुरा. पटापट मर लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. बर्ड फ्लूही असाच दिसतो आणि डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. देशात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी 2006मध्ये.

उन्हाळ्यात मानमोडी का फिरते, याचं एक उत्तर लग्नसराईत आहे. यात्रा, पाहुणे, आठवडी बाजार यांतून कोंबड्या या गावच्या त्या गावी जातात. बाजारातून आणलेली कोंबडी किमान 15 दिवस वेगळी ठेवा.

आणि लस ऊन तापण्याआधी टोचा. मानमोडीच्या लशी दोन: पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब, ते 6 ते 8 आठवड्यांचं झालं की पंखाखाली आर-टू-बी. एका बाटलीत बहुधा 100 कोंबड्यांची लस असते आणि विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून दहा-बारा कोंबड्या असलेल्या घरांना ती परवडत नाही असं वाटतं. आमच्या गल्लीत आता आठ घरं मिळून एक बाटली आणतो. फेब्रुवारीतली पहाट धरतो, बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये असते, आणि कोंबड्या आदल्या रात्रीच डालग्याखाली झाकून ठेवलेल्या असतात.