डार्क यलो वेगळा, डेझर्ट यलो वेगळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पॅनेलच्या धंद्यात असलेल्या माणसाला आरएएल, म्हणजे रंगांना नंबर देणारी जर्मन पद्धत, समजावून सांगावी लागत नाही. ‘सेव्हन्टी थर्टी-फाइव्ह’ म्हटलं की फिकट करडा, विषय संपला. पावडर कोटिंगवाल्याकडे रंगाचं नाव कुणी घेतच नाही, कारण माझा ‘करडा’ आणि त्याचा ‘करडा’ यांच्यात शंभर पॅनेल परत येण्याएवढं अंतर असू शकतं. मी रोज दिवसभर हेच करतो आणि रात्री घरी येऊन 1:35 मापाची रणगाड्यांची मॉडेलं रंगवतो. तरीही हा सोपा नियम छंदात वापरायचं मला बरीच वर्षं सुचलं नव्हतं.

विषय निघाला तो भाच्यामुळे. त्याने पँथर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं किट जोडून आणलं होतं, काम नीटनेटकं. सोबत तामिया कंपनीच्या एक्सएफ-59 या रंगाची बाटली. “मामा, जर्मन पिवळा हाच ना? डेझर्ट यलो?” दुकानात 59 आणि 60 शेजारीशेजारी असतात. एकीवर डेझर्ट यलो, दुसरीवर डार्क यलो. झाकणं बघितली तर दोन्ही मातकट पिवळी. त्याची चूक म्हणावी तर मीही माझ्या पहिल्या तीन जर्मन रणगाड्यांना हेच केलं होतं.

पण पँथर आफ्रिकेच्या वाळवंटात कधी गेलाच नाही. तो पहिल्यांदा लढला जुलै 1943 मध्ये, कुर्स्कला, रशियात. आणि आफ्रिकेतल्या जर्मन-इटालियन फौजांनी शरणागती पत्करली ती त्याच्या दोन महिने आधी, 13 मे 1943 ला. त्यामुळे वाळवंटी रंगातला पँथर दिसायला कितीही देखणा झाला तरी तो कुठल्याच युद्धातला नव्हे.

आता दोन्ही रंग जरा जवळून बघू.

डार्क यलो म्हणजे जर्मन डुंकेलगेल्ब. 18 फेब्रुवारी 1943 च्या आदेशाने तो जर्मन लष्करी वाहनांचा मूळ रंग ठरला. त्याआधी युरोपातले रणगाडे गडद करड्या रंगात कारखान्याबाहेर पडत. त्याचा नंबर आरएएल 7028. इथे पॅनेलवाल्याचे कान टवकारले पाहिजेत. आरएएलमध्ये पिवळ्यांचं घराणं 1 ने सुरू होतं, हिरव्यांचं 6 ने, करड्यांचं 7 ने, तपकिऱ्यांचं 8 ने. म्हणजे ज्याच्या नावातच पिवळा आहे, त्याला जर्मनांनी बसवलंय करड्यांच्या पंगतीत! हे एकदा लक्षात आलं की डुंकेलगेल्बमध्ये हळद शोधायची सवय सुटते. मला तो पावसाची एखादी सर खाल्लेल्या कडब्यासारखा वाटतो. पिवळा आहे, पण त्याच्या अंगात राखाडी आहे आणि किंचित हिरवट झाकही.

वाळवंटातल्या जर्मन रणगाड्यांची गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची. फेब्रुवारी 1941 मध्ये जर्मन सेनापती रोमेलच्या फौजा लिबियात ट्रिपोलीला उतरायला लागल्या तेव्हा रणगाडे युरोपातलेच, करडे. 17 मार्च 1941 ला आदेश निघाला: दोन भाग पिवळसर तपकिरी, आरएएल 8000, आणि एक भाग करडा हिरवा, आरएएल 7008. पुढे 25 मार्च 1942 ला दोन्ही बदलले. 8000 च्या जागी 8020 आणि 7008 च्या जागी 7027. जुना साठा मात्र आधी संपवायचा होता, म्हणून 1942 भर दोन्ही जोड्या एकाच तळावर दिसणं अगदी शक्य आहे.

पहिला आकडा पुन्हा बघा. 8000 आणि 8020, दोन्ही 8 वाले. म्हणजे वाळवंटाचा ‘पिवळा’ मुळात तपकिऱ्यांतला. 8000 साठी माझ्या डोळ्यांसमोर शेणाने सारवलेलं अंगण येतं, सुकत आलेलं, हिरवट छटा अजून न गेलेलं. आजच्या आरएएल कार्डात हा नंबर आहे आणि त्याचं नाव चक्क ग्रीन ब्राऊन आहे. 8020 त्याहून उजळ, दूध जास्त झालेल्या चहासारखा.

मग कार्ड घेऊन दुकानातून मिसळूनच का आणू नये? हा उद्योग मी करून पाहिलाय. टिंटिंग मशीनवाल्या दुकानदाराला म्हटलं, 7028 काढून दे. त्याने कार्डाचा पंखा उलगडला, बोट 7026 वर आलं आणि पुढे एकदम 7030. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच नंबर मनाने तयार केलाय. 7027, 7028 आणि 8020 हे आजच्या कार्डात नाहीतच. 8000 मिळाला असता, पण दरवाज्याखिडक्यांसाठी केलेल्या एनॅमलची जाडी 1:35 च्या बोल्टांवर बसली की बोल्ट दिसेनासे होतात. नमुना म्हणून एका पत्र्याच्या तुकड्यावर तेवढा मारून आणा, पुरे.

आपल्या कामाच्या बाटल्या अशा. 7028 साठी एक्सएफ-60, किंवा नंतर आलेला एक्सएफ-88, डार्क यलो टू. आफ्रिकेसाठी एक्सएफ-92, म्हणजे 1941 च्या जोडीतला 8000, आणि एक्सएफ-93, म्हणजे 1942 च्या जोडीतला 8020. या शेवटच्या दोघांच्या नावात सालच घातलंय, तेव्हा त्यांच्यात गोंधळायला जागा नाही. आणि भाच्याच्या हातातला 59? त्याच्या नावात ना साल ना मोहीम, नुसतं वाळवंट. एक्सएफ-60 बद्दल माझी एक तक्रार आहे. बाटलीतून सरळ मारला तर तो मला जरा नारिंगीकडे झुकलेला दिसतो. दहा थेंबांना दोन थेंब एक्सएफ-49 खाकी टाकला की करडेपणा येतो. लहान मॉडेलवर रंग गडद दिसतो म्हणून काहीजण पांढरा मिसळतात. त्याने डुंकेलगेल्बचं श्रीखंड होतं. उजळवायचाच असेल तर एक्सएफ-57 बफ घ्या.

वरच्या कॅमोफ्लाजच्या पट्ट्यांचा फरक तर झाकणापेक्षा मोठा आहे. डुंकेलगेल्बचा थर कारखान्यात बसायचा. त्यावरचा हिरवा, 6003, आणि लालसर तपकिरी, 8017, हे लेपाच्या रूपात थेट तुकड्यांकडे जायचे. सैनिकांनी तो लेप पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करायचा आणि फवारायचा. कुणी घट्ट मारला, कुणी पातळ, आणि पाण्यात कालवलेला पावसात टिकायचाही नाही. म्हणून 1943 च्या उन्हाळ्यातल्या रणगाड्यावर पट्ट्यांची किनार विरलेली असली, एक पट्टा दाट आणि दुसरा पारदर्शक असला, तरी ते बरोबरच आहे. ऑगस्ट-सप्टेंबर 1944 पासून तिन्ही रंग कारखान्यातच बसू लागले आणि नक्षी जरा शिस्तीत आली. आफ्रिकेतल्या जोडीचं उलट आहे. 8000 आणि 7008 एकमेकांच्या इतके जवळचे की कृष्णधवल फोटोत दुसरा रंग दिसतच नाही. आफ्रिकेचे रणगाडे एकरंगी होते असं सरसकट मानलं गेलं, त्याचं एक कारण हेच. 1940 च्या मध्यापर्यंतच्या करड्या रणगाड्यांवरही एक तृतीयांश गडद तपकिरी असायचा. तोही असाच फोटोंत हरवला आणि अनेक वर्षं मॉडेलवाल्यांच्या कपाटात नुसते करडेच उभे राहिले.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर जा. शिर्डीमार्गे गेलात तर एका दिवसात जाऊन येणं होतं. पण तिथे रिव्हेट, साखळी, वेल्डिंगचा सांधा बघा, रंगाचा पुरावा शोधू नका. उघड्यावर उभ्या असलेल्या लोखंडाला उन्हापावसासाठी पुन्हापुन्हा रंग द्यावा लागतो, आणि तो जे हाताशी असेल त्याचा.

ट्युनिशियातला टायगर रणगाडा करत असाल तर एक खिळा ठोकून ठेवा. पहिले टायगर तिथे उतरले नोव्हेंबर 1942 मध्ये, डुंकेलगेल्बचा आदेश निघायच्या तीन महिने आधी. तेव्हा एक्सएफ-60 बाजूला ठेवा आणि आफ्रिकेच्या बाटल्यांकडे वळा.

रंग ठरवायचा तो दिवसा, गच्चीवर. मी प्लास्टिकचे चमचे घेतो, प्रायमर मारतो, प्रत्येकावर एक मिश्रण आणि मागे मार्करने प्रमाण. एका चमच्याच्या अर्ध्या भागाला गडद तपकिरी वॉशही, म्हणजे अगदी पातळ केलेल्या रंगाचा हात, द्यायचा, कारण वॉशनंतर डुंकेलगेल्ब तपकिरीकडे सरकतो आणि 8000 एकदम काळवंडतो. ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. नाशिकच्या एप्रिलात आणखी एक गंमत होते: रंग एअरब्रशच्या सुईवरच सुकतो आणि मॉडेलवर रवाळ भुकटी बसते. थिनरमध्ये दोन-तीन थेंब रिटार्डर, म्हणजे रंग सुकणं लांबवणारं द्रव्य, टाकायचे आणि सकाळी नऊच्या आत उरकायचं.

भाच्याने तोवर बुरुजाला 59 चा एक हात मारून टाकला होता. खरवडायची गरज पडली नाही. दोन दिवस सुकू दिला, वर खाकी घातलेल्या 60 चे दोन पातळ हात, मग हिरवे पट्टे, मुद्दाम विरळ. 59 ची उरलेली बाटली त्याने बेसच्या मातीला वापरली.