शंभर टक्के झाले, तरी पेनड्राइव्हचा दिवा का लुकलुकतोय?

लिनक्सवर दीड जीबीची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) पेनड्राइव्हवर कॉपी करायला लावली. प्रोग्रेस बार पाच-सात सेकंदांत शंभरावर पोचला, पण दिवा लुकलुकतोच आहे आणि 'इजेक्ट' म्हटलं की संगणक दोन मिनिटं गप्प. पेनड्राइव्ह बहुतेक वेळा ठीकच असतो. बार चुकीच्या दारात उभा राहून मोजत असतो.

कॉपी करणारा प्रोग्रॅम 'हे लिही' म्हणतो तेव्हा लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, डेटा आधी रॅममध्ये ठेवून घेतो आणि लगेच 'झालं' म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्ष लिहिणं मागाहून, सवडीने. रॅममधल्या अशा न लिहिलेल्या पानांना (डेटाच्या छोट्या तुकड्यांना) 'डर्टी' म्हणतात. त्यांची नेहमीची कमाल मर्यादा, म्हणजे 'डर्टी रेशो', वापरता येण्याजोग्या रॅमच्या २० टक्के असते. १२ जीबी रॅम मोकळी असेल तर दीड जीबी त्यात सहज मावते. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल, तर खरं काम १५० सेकंदांचं. बारला त्याचा पत्ताच नाही.

खात्री करायची असेल तर कॉपी चालू असताना 'प्रॉक' फोल्डरातल्या 'मेमइन्फो' फाइलमधल्या 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळी दर सेकंदाला पाहा. बार शंभरावर असताना तिथले आकडे हळूहळू उतरताना दिसतील.

कॉपीसाठी 'डीडी' ही कमांड वापरत असाल तर 'स्टेटस' पर्यायाला 'प्रोग्रेस' द्या (ही सोय डीडी ज्यात येते त्या कोअरयुटिल्स संचाच्या ८.२४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे), सोबत 'ओफ्लॅग' पर्यायाला 'डायरेक्ट' आणि ब्लॉक (एका वेळी लिहायचा तुकडा) ४ एमबीचा. डेटा रॅमला वळसा घालून थेट जातो, त्यामुळे आकडा बराच खरा येतो. ब्लॉकचा आकार द्यायला विसरलात तर डीडी ५१२ बाइटचे घास घेतो आणि कॉपी रखडते. 'कॉन्व्ह' पर्यायाला नुसतं 'एफसिंक' दिलं तर कमांड काम पुरतं झाल्यावरच परतते, पण बार मधल्या काळात तसाच थापा मारतो. स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर दर १६ किंवा ६४ एमबीनंतर 'एफडेटासिंक' (रॅममधला डेटा डिस्कवर उतरवायला लावणारी हाक) करा आणि तो परतल्यावरच आकडा पुढे सरकवा. दर ४ केबीला केलात तर बार प्रामाणिक होईल, कॉपी मात्र गोगलगायीच्या चालीने.

बॅकअपमध्ये दुसरं दुखणं भाजकाचं, म्हणजे टक्के काढताना ज्या एकूण कामाने भागतो त्याचं. ४०० एमबीचा एक व्हिडिओ सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या हार्ड डिस्कवरून ४ सेकंदांत येतो. तेवढाच डेटा ४ केबीच्या एक लाख फाइलींत विखुरलेला असेल आणि प्रत्येक फाइल शोधायला १० मिलिसेकंद लागत असतील, तर १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं. बाइट मोजणारा बार इथे हमखास फसतो, फाइली मोजणारा व्हिडिओपाशी अडकतो. म्हणून दोन्ही धरा: उरलेले बाइट भागिले वेग, अधिक उरलेल्या फाइली गुणिले दर फाइलीचा वेळ. वेग गेल्या अर्ध्या-एक मिनिटाचा घ्या. सुरुवातीपासूनची सरासरी घेतली तर रॅमने गिळलेले पहिले काही सेकंद शेवटपर्यंत हिशोब बिघडवतात.

फोल्डर कॉपी करणाऱ्या 'आरसिंक' प्रोग्रॅममध्ये एकूण टक्के मागे का येतात, हेही भाजकामुळेच. ३.० आवृत्तीपासून तो फोल्डर धुंडाळत-धुंडाळतच कॉपी करतो, त्यामुळे एकूण किती हे त्यालाच आधी ठाऊक नसतं. 'इन्फो' पर्यायाला 'प्रोग्रेस२' देताना 'नो-इंक-रिकर्सिव्ह'ही द्या. सगळी यादी आधी तयार होते. सुरुवातीला थोडं थांबावं लागतं आणि रॅम जास्त लागते, पण भाजक स्थिर राहतो.

जुन्या कोडमध्ये एक हटकून सापडणारी चूक: टक्के काढताना आधी शंभराने गुणणं. ३२ बिटांच्या चिन्हविरहित (अनसाइन्ड) संख्येत ४,२९,४९,६७२ बाइटच्या पुढे हा गुणाकार मावत नाही, म्हणजे जेमतेम ४३ एमबीला बार उडी मारून शून्याकडे येतो. व्हेरिएबल ६४ बिटांचं करा, भागलं.

डिस्कच खराब असेल तर बार खरोखरच थबकतो, कारण एकेका खराब सेक्टरसाठी (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यासाठी) डिस्क कित्येक सेकंद पुन्हापुन्हा प्रयत्न करते. तिथे टक्क्यांशेजारी 'शेवटचं यशस्वी वाचन इतक्या सेकंदांपूर्वी' असा आकडा हवा. खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा 'डीडीरेस्क्यू' प्रोग्रॅम तो दाखवतो आणि मॅप फाइल दिलेली असेल तर कुठवर आलो हे तिच्यात नोंदवत जातो. वीज गेली तरी तीच मॅप फाइल देऊन काम तिथून पुढे सुरू करता येतं.