नाण्यासाठी कॉइल कोणती? या प्रश्नामागची दीडशे वर्षं

मेटल डिटेक्टर नवा घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायचं तारेचं वेटोळं, कोणती लावू, आणि उत्तरही ठरलेलं, मोठी घे, खोल जाते. मी इथे इंग्लंडमध्ये शेतकऱ्याची परवानगी काढून नाणी शोधत फिरतो, आणि मला ते उत्तर दरवेळी खटकतं. कारण आज मिळणाऱ्या कॉइल्सचे आकार कुणी नाण्यांसाठी म्हणून एका बैठकीत ठरवलेले नाहीत, प्रत्येक आकार वेगळ्या गरजेतून आलाय, कधी गोळी शोधायची होती, कधी सुरुंग, नाणी बरीच नंतर.

म्हणजे खरं तर अगदी सुरुवातीला नाणंच होतं. १८७९ मध्ये लंडनला डेव्हिड ह्यूजनं, मायक्रोफोनवर काम केलेला तोच, इंडक्शन बॅलन्स दाखवला. कॉइलच्या दोन जोड्या एकमेकींविरुद्ध अशा जुळवायच्या की कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये काहीच ऐकू येऊ नये. मग एका जोडीत टांकसाळीतून आलेला नवा शिलिंग ठेवायचा, दुसरीत तसाच दुसरा, तरी शांतता. पण त्यातला एक जरासा झिजलेला असला किंवा थोडा गरम असला तरी लगेच आवाज! रॉयल मिंटचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीचे, रसायनतज्ज्ञ चँडलर रॉबर्ट्स यांनी याच यंत्रावर मिश्रधातू तपासून बघितले. पण यात नाणं कॉइलच्या अगदी जवळ ठेवलेलं असायचं, मातीखालचं नाणं शोधणं हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

तो प्रश्न दोन वर्षांत आला, आणि मातीऐवजी माणसाच्या शरीरात. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती आत कुठे अडकलीय ते डॉक्टरांना सापडेना. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल कामाला लागला आणि प्रयोग करत करत एका रचनेवर आला, दोन चपट्या कॉइल, एकीचा थोडा भाग दुसरीवर चढवलेला, तो किती चढवायचा ते बरोबर जमलं की एकीचा प्रवाह दुसरीत जवळजवळ काहीच उमटवत नाही, पण जवळ धातू आला की तोल बिघडतो आणि आवाज येतो. आज ज्याला आपण डबल डी कॉइल म्हणतो, D आकाराच्या दोन कॉइल एकमेकींवर थोड्या चढवलेल्या, तिचं मूळ तत्त्व हेच. बेलनं २६ जुलै आणि १ ऑगस्टला अध्यक्षांवर यंत्र फिरवलं, गोळी सापडली नाही. गादीखाली पोलादी तारा होत्या, आणि शोध उजव्या बाजूला चालू होता, गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. मला ही गोष्ट फार लागते, कारण यंत्र चुकीचं नव्हतं, कॉइलखाली जे जे येतं ते सगळं ती ऐकते आणि आपल्याला हवं ते त्यात बुडून जातं, आजही जुन्या घराच्या जागी खिळ्यांमध्ये नाणं हरवतं ते याच कारणानं.

पुढचा टप्पा मोठ्या वस्तूंचा. गेऱ्हार्ड फिशरला अमेरिकेत १९३७ मध्ये पेटंट मिळालं, त्याच्या यंत्रात एका पेटीत ट्रान्समीटर आणि लांब दुसऱ्या पेटीत रिसीव्हर, पाइप, खनिजाच्या शिरा वगैरेसाठी उत्तम, सुटं नाणं त्याला दिसणारच नाही. मग युद्ध. १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये असलेल्या पोलिश सैन्यातला अधिकारी युझेफ कोसात्स्की यानं काठीला कॉइल लावलेला सुरुंगशोधक केला, १९४२ ला इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत असे ५०० संच वापरले गेले. सुरुंग म्हणजे थाळीएवढी वस्तू, त्यामुळे त्या कॉइलला बारीक काही ऐकायची गरजच नव्हती. युद्धानंतर हे जुने लष्करी संच स्वस्तात विकले गेले आणि हौशी लोक ते घेऊन हिंडायला लागले.

नाण्यांची लाट आली ती १९६५ नंतर, असं माझं मत. त्या वर्षीच्या कायद्यानं अमेरिकेच्या डाइम आणि क्वार्टरमधून, म्हणजे दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांमधून, चांदी गेली, आधीच्या नाण्यांत ती ९० टक्के होती, मग पार्कात, जत्रेच्या मैदानात पडलेली जुनी नाणी शोधायला लोक निघाले. पण साधारण त्याच सुमारास ओढून काढायच्या रिंगचे पेयांचे कॅन आले आणि त्या ॲल्युमिनियमच्या रिंगांचा सडा सगळीकडे! आता नुसता धातू सापडून भागेना, कुठला धातू ते ओळखायला हवं होतं. त्यासाठी पाठवणारी आणि ऐकणारी अशा दोन वेगळ्या कॉइल लागतात, आणि अमेरिकेत कित्येक वर्षं आठ-नऊ इंची कॉन्सेंट्रिक हेच नेहमीचं ठरलं, मोठ्या वर्तुळाच्या आत छोटं वर्तुळ. तिचं चुंबकीय क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, नाणं बरोबर मध्याखाली सापडतं, पार्काच्या हिरवळीत छोटंसं भोक पाडून काढता येतं.

तीच कॉइल लोहयुक्त मातीत मात्र गडबडते, कारण माती स्वतःच बोलायला लागते. तिथे डबल डी बरी. पूर्वी तिला वाइडस्कॅनही म्हणायचे, तिचा शोध मधल्या पट्टीत चालतो, पुढून मागपर्यंत सुरीच्या पात्यासारखा, मातीचा आवाज कमी घेते आणि एका फेरीत जास्त जमीन होते. तोटा एवढाच की बाटलीचं पत्र्याचं बूच तिला बऱ्याचदा चांगल्या नाण्यासारखं वाटतं. २०१८ मध्ये मिनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स हे डिटेक्टर आलं ते ११ इंची डबल डी लावूनच, आणि आता नव्या माणसाला तीच कॉइल म्हणजे नॉर्मल वाटते. आपल्या कोकणातली जांभ्याची माती लोहानं भरलेली, तिथेही डबल डीच लागेल, पण आधी कायदा बघा. ह्यूजच्या एकच वर्ष आधीचा, १८७८ चा भारतातला ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट सांगतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. संरक्षित स्मारकाच्या जागी तर यंत्र नेऊच नका.

राहिला खोलीचा मुद्दा. एकदा नाणं कॉइलच्या रुंदीपेक्षा बरंच खाली गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण चौसष्टावा भाग उरतो. कॉइल मोठी केली की खोलवर थोडं जास्त पोचतं, पण माती आणि कचराही जास्त ऐकू येतो. घबाड असेल तर गोष्ट वेगळी, २०१० मध्ये सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, असा ढीग म्हणजे कॉइलच्या दृष्टीनं एकच मोठी वस्तू, तिथे मोठी कॉइल उपयोगी. पण इथल्या शेतात रोज मिळतं ते सुटं नाणं, तेही कधीकधी पाव तुकडा. १२७९ मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला यानं गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, पाडायच्या आधी लोक चांदीची पेनी कापून तिचे चार तुकडे करायचे, एक तुकडा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका. असला तुकडा मोठ्या कॉइलखाली खिळ्यांमध्ये सहज सुटतो, म्हणून जुन्या वस्तीची जागा आली, खिळे वाजायला लागले की मी ११ इंची काढून ६ इंची लावतो आणि एवढा हळू चालतो की शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर दोन फेऱ्या मारतो तोवर माझी एक ओळ होते.