पूरक ट्रान्समिशन कूलर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल वाऱ्याने थंड करण्यासाठी गाडीच्या पुढच्या भागात वेगळा बसवलेला छोटा रेडिएटर. अमेरिका व कॅनडात पिकअपमागे बोट किंवा कॅरव्हान ओढणारे तो सर्रास बसवतात.

गिअरबॉक्समधील बहुतेक उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. तिथे इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते आणि इंजिनाकडची आणि चाकांकडची अशा दोन्ही बाजूंच्या वेगात जितकी तफावत, तितकी ताकद तेल तापवण्यात खर्ची पडते. चढावर ६० किलोवॉट ताकदीपैकी १५ टक्के अशी वाया गेली, तर ९ किलोवॉट उष्णता होते, म्हणजे चार-पाच घरगुती गिझर एकदम चालू. दोन्ही बाजू एकमेकींना जखडणारा लॉक-अप क्लच लागला की ही वेगाची तफावत, म्हणजे घसरण, थांबते, पण ओझे घेऊन हळू चढताना तो बहुधा सुटलेलाच असतो. तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असावे. ते १२० च्या वर टिकले, तर तेल लवकर खराब होते, सील कडक होतात, क्लच प्लेटा घसरतात आणि त्या घसरणीने तेल आणखी तापते.

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाच्या रेडिएटरच्या टाकीतच गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर असतो. त्याच्याभोवतीचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड करणारे द्रव, स्वतःच गरम असल्याने तेल त्याहून थंड होऊ शकत नाही. पूरक कूलरची गरज इथून सुरू होते.

भारतात मात्र आधी गिअरबॉक्सचा प्रकार पाहावा. एएमटी म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यात टॉर्क कन्व्हर्टरही नाही आणि कूलरकडे फिरणारे तेलही नाही. ड्राय ड्युअल-क्लच, म्हणजे दोन कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्समध्येही क्लच तेलात बुडालेले नसतात. घाटात अशा गाडीच्या क्लचचा जळका वास येत असेल, तर हा कूलर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

कूलरचे तीन प्रकार मिळतात. नळीभोवती धातूची पातळ पाती असलेला नळी-पंखी प्रकार सर्वांत स्वस्त, पण तेवढ्याच आकारात कमी काम करणारा. प्लेट-पंखी त्याहून सरस. एकावर एक प्लेटा रचलेला स्टॅक्ड-प्लेट सर्वांत कार्यक्षम. थंडीत घट्ट झालेले तेलही त्यातून तुलनेने सहज वाट काढते. आकार निवडताना गाडी आणि ट्रेलर यांचे भारासह एकूण वजन धरावे. जागा असेल तर एक माप मोठा घेतलेला बरा. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात मात्र तेल अति थंड राहून गिअर जड पडू शकतात. तिथे थर्मोस्टॅट असलेला बायपास, म्हणजे थंड तेलाला कूलर टाळून नेणारा मार्ग, लावावा.

जोडणीचा नेहमीचा क्रम गिअरबॉक्स, रेडिएटर, पूरक कूलर आणि परत गिअरबॉक्स असा असतो. थंड प्रदेशात काही जण पूरक कूलर आधी ठेवतात, म्हणजे रेडिएटरमधून जाताना तेल पुन्हा कोमट होते. रेडिएटरला पूर्ण वगळण्यालाही कधी कारण असते. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटिअरमधील काही रेडिएटरांत आतला कूलर तडकून कूलंट तेलात मिसळे, तेल गुलाबी दुधासारखे होई आणि गिअरबॉक्स निकामी होई. त्यामुळे अनेक मालकांनी रेडिएटरचा मार्गच तोडला.

कूलर एसी कंडेन्सरच्या (एसीच्या रेडिएटरसारख्या जाळीच्या) पुढे, थोडी फट ठेवून, ब्रॅकेटवर बसवावा. कंडेन्सरच्या पात्यांतून आरपार ओवायच्या प्लास्टिक पट्ट्या सोप्या खऱ्या, पण हादऱ्यांनी त्या कंडेन्सरला घासून भोक पाडू शकतात. कूलरची नळ्या जोडायची तोंडे वर किंवा बाजूला असावीत. खाली असली तर आत हवा अडकते. होज (रबरी नळी) ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेला घ्यावा. पेट्रोलचा साधा होज या तापमानात टिकत नाही. धातूच्या नळीचे टोक थोडे फुगवले नाही, तर क्लॅम्प कितीही आवळा, होज दाबाने निसटू शकतो. जुना गिअरबॉक्स निकामी झाला असेल तर मूळ कूलर व नळ्यांत धातूचा कीस राहतो. त्या धुवाव्यात किंवा बदलाव्यात.

नवा कूलर आणि नळ्या जास्तीचे तेल सामावून घेतात. म्हणून इंजिन चालू करून, सगळे गिअर फिरवून, गळती पाहून तेलाची पातळी पुन्हा तपासावी लागते. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे तेल ठरावीक तापमानाला आणून खालच्या बोल्टच्या भोकातून पातळी पाहतात, आणि हे काम तापमान वाचणारे स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडेच द्यावे.