गर्भारपणातील रक्तशर्करा-नियंत्रण

गर्भारपणी प्रथमच आढळलेली वाढीव रक्तशर्करा बाळाच्या सुरक्षिततेसाठी आटोक्यात ठेवण्याची उपचारपद्धती. आईची साखर वारेतून गर्भाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवते. बाळ अवाजवी वाढते, प्रसूतीत खांदे अडकू शकतात आणि नाळ कापल्यावर बाळाची साखर एकाएकी घसरते.

निदानाच्या मर्यादेबद्दल मतभेद आहेत. ओसलिव्हन व महान या अमेरिकी संशोधकांचे निकष (१९६४) आईला पुढे मधुमेह होण्याच्या शक्यतेवर बेतलेले होते, बाळाच्या धोक्यावर नव्हे. गर्भवतींची साखर व बाळाचा धोका यांवरील हापो (HAPO) या बहुदेशीय अभ्यासात (२००८) साखरेबरोबर धोका सलग वाढताना दिसला. ठळक उंबरठा सापडला नाही. तरीही २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने उपाशीपोटी ९२, ग्लुकोज प्यायल्यावर तासाने १८० व दोन तासांनी १५३ मिग्रॅ./डेलि. या मर्यादा सुचवल्या. त्यांपैकी एक गाठली वा ओलांडली तरी निदान होते. भारत सरकारच्या सूचनांनुसार (२०१४, सुधारित २०१८) पोट रिकामे असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलि. पाण्यातून ५–१० मिनिटांत देतात; दोन तासांनी १४० किंवा अधिक भरल्यास निदान पक्के. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास चाचणी दुसऱ्या दिवशी करतात. केवळ उपाशीपोटीची साखर वाढलेल्या काही स्त्रिया या पद्धतीत निसटतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि बेळगाव सीमाभागात, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्ट्यातून येणाऱ्या गर्भवतीला उपाशी बोलावले तर तपासणीच राहून जाण्याचा संभव अधिक. येथे हीच पद्धत श्रेयस्कर वाटते. पहिल्या भेटीत चाचणी निर्दोष आली तरी २४–२८ आठवड्यांत ती पुन्हा करतात.

प्रथम दोन आठवडे आहार व चालणे. ज्वारीची भाकरी चालते, पण मोजून. भात कमी, उसळ व भाजी जास्त. गुळाचा चहा किंवा कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) साखरेइतकाच बाधतो. उपास टाळावेत. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत न राहिल्यास इन्सुलिन, किंवा २० आठवड्यांनंतर मेटफॉर्मिन देतात. कुपीवर ४० युनिट प्रति मिलि. लिहिलेले असल्यास लाल टोपणाचीच सिरिंज घ्यावी. १०० युनिटच्या सिरिंजने दोन-पंचमांश मात्राच पोटात जाते व साखर हटत नाही. घाम, थरथर सुटून साखर ७० खाली गेल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी.

पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे पुष्कळदा महाराष्ट्रात चंदगड किंवा गडहिंग्लजकडे होते. कर्नाटकातील तायी कार्डावरील (गर्भवतीच्या तपासण्यांचे नोंदपत्र) कन्नड नोंदी तिकडे वाचल्या जातीलच असे नाही. म्हणून इन्सुलिनचे नाव, कुपीचे बळ, मात्रा व वेळ मराठीतही लिहून घ्यावी. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर पाजून त्याची साखर तपासतात. आईची ७५ ग्रॅमची चाचणी सहा आठवड्यांनी. तेव्हा बाळंतीण बहुधा माहेरीच असल्याने ही चाचणी तेथील आरोग्य केंद्रात आधीच नोंदवावी लागते.