लॅब ब्राउझरमध्ये आली, पण मागून चक्कर कोण मारणार?

केमिस्ट्रीची ऑनलाइन लॅब म्हणजे शेवटी चित्रातलं ब्युरेट, माऊसने तोटी फिरवायची, रंग बदलला की झालं. प्रोग्रामिंगचं तसं नाही, इथे कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, खराखुराच असतो, फक्त तो चालतो लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरवर आणि तिथे प्रत्येकाला एक कंटेनर मिळतो, म्हणजे बाकीच्यांपासून बंद केलेली छोटी खोलीच म्हणा ना. २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर बनवणारं सॉफ्टवेअर आलं आणि अशा खोल्या काही सेकंदांत उघडणं एकदम सोपं झालं.

मुलं यावर खूश, कारण इन्स्टॉलेशनची कटकट गेली, जुना लॅपटॉप चालतो, रात्री दोनला बसलं तरी लॅब उघडीच. वैताग येतो तो ऑटोग्रेडरचा, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामचा. उत्तर बरोबर, पण प्रिंट करताना एक स्पेस जास्त पडली की लाल फुली, आणि का ते सांगायला कोणी नाही. मशीनने प्रोग्राम तपासायची आयडिया काही नवी नाही बरं का, १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंच कार्डांच्या, म्हणजे कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम द्यायच्या जमान्यातल्या ऑटोमॅटिक ग्रेडरवर लेख लिहिला होता, आणि मुलाचा प्रोग्राम ग्रेडरमध्येच ढवळाढवळ करू शकतो ही भीती तेव्हाही होतीच. कंटेनरने ती बरीच कमी केली, लाल फुली मात्र तशीच मुकी.

शिक्षकांचं दुखणं वेगळंच. तपासायचे ढीग कमी झाले हे ते मान्य करतात, पण लॅबमध्ये मागून चक्कर मारताना जे दिसायचं ते गेलं म्हणतात: तीच ओळ तीनदा खोडणारा, कीबोर्डवर हात ठेवून नुसता स्क्रीनकडे बघत बसलेला. डॅशबोर्डवर दिसतं "१४ प्रयत्न, पास", आता चौदाव्यांदा डोक्यात प्रकाश पडला की < च्या जागी <= टाकून बघितलं आणि लागला मटका, हे कसं कळणार?

काहीजण म्हणतात पाथ सेट करणं (कंपायलर कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगणं), व्हर्जनशी झगडणं हेही शिक्षणच. आहेच, पण पहिल्याच आठवड्यात नको हो, तिथेच बरीच मुलं गळपटतात. नेटवर्किंगमध्ये मात्र मला त्यांचं पटतं, कारण तिथे वापरतात तो पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचं खोटं नेटवर्क, त्यातली केबल कधी आपोआप ढिली होत नाही.

म्हणून काही शिक्षक आता मार्क देण्याआधी दोन मिनिटं कॉलवर घेतात, मुलाचाच कोड समोर ठेवतात आणि एवढंच विचारतात, "ही ओळ काढली तर काय होईल?"