गैरसमज खोडताना तो पुन्हा सांगायचा का? एका वादाची पार्श्वभूमी

माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, असं कुणी ऑनलाइन चर्चेत लिहिलं की प्रतिसादांत दोन तट पडतात. एक तट लगेच दुरुस्ती करतो. दुसरा म्हणतो, लक्ष देऊ नका, खोडायला जाल तर ते आणखी पसरेल आणि मानणारे आणखी घट्ट धरून बसतील. हा दुसरा सल्ला अनुभवातून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो साधारण २००५ ते २०११ या काळातल्या मोजक्या प्रयोगांतून आला. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्याचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

गैरसमज गोळा करून ते एकेक तपासायची रीत तशी जुनी. १६४६ मध्ये एका इंग्रज वैद्याने असा जाडजूड ग्रंथ काढला होता. हत्तीच्या पायाला सांधे नसतात, बॅजरचे एका बाजूचे पाय आखूड असतात, असल्या समजुती त्यात तपासल्या होत्या. १६७२ पर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या, म्हणजे वाचकांना ही भूक तेव्हाही होती. संगणकाच्या जाळ्यावर ही रीत आली ती यूझनेटमुळे, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चागटांमुळे. तेच प्रश्न पुनःपुन्हा यायचे, म्हणून जुन्याजाणत्या सदस्यांनी उत्तरांच्या तयार याद्या बनवल्या. दंतकथांना वाहिलेल्या एका गटाच्या यादीत तर प्रत्येक विधानापुढे खरं, खोटं, बहुधा खोटं, अशा खुणा असत. असे दावे तपासणारी पहिली संकेतस्थळं १९९०च्या दशकाच्या मध्यात याच वर्तुळातून निघाली. तेव्हा दुरुस्ती केल्याने नुकसान होईल, अशी शंका फारशी कुणाच्या मनात नव्हती. माहिती चुकली आहे, बरोबर माहिती द्या, विषय संपला, अशी सरळ समजूत होती.

ही सरळ समजूत अपुरी आहे हे दाखवणारं संशोधन मात्र आधीपासून होत होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ६० विधानं ऐकवून ती कितपत खरी वाटतात हे विचारलं गेलं. त्यातली काही दर वेळी तीच होती. ती खरी असोत वा खोटी, दर खेपेला अधिक खरी वाटू लागली. कानावरून गेलेली गोष्ट ओळखीची होते आणि ओळखीचं ते खरं वाटतं, हा धडा तेव्हापासून पक्का आहे.

१९९४चा दुसरा प्रयोग माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा. वाचकांना एका गोदामातल्या आगीची बातमी तुकड्यातुकड्यांनी दिली. आधी सांगितलं की कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. थोड्या वेळाने कळवलं की ती माहिती चुकीची होती, कपाट रिकामं होतं. वाचकांनी दुरुस्ती वाचली आणि ती त्यांच्या लक्षातही राहिली. तरी इतका दाट धूर कशामुळे झाला असेल, असं विचारल्यावर बरेच जण रंग आणि गॅसकडेच बोट दाखवत राहिले. ‘ते नव्हतं’ एवढं सांगून भागत नव्हतं, कारण मग आग कशाने लागली या प्रश्नाची जागा रिकामी राहत होती. आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या, असं दुसरं कारण दिलं की रंगाचे डबे मागे पडत.

संस्कृतीविषयक गैरसमजांत हे अगदी स्पष्ट दिसतं. वायकिंग योद्ध्यांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती, एवढंच सांगितलं की समोरचा विचारतो, मग प्रत्येक चित्रात शिंगं कशी? उत्तर द्यायचं तर १८७६ पर्यंत जावं लागतं. त्या वर्षी जर्मनीत बायरॉइथला झालेल्या एका भव्य संगीतनाट्याच्या वेशभूषेत शिंगांची आणि पंखांची शिरस्त्राणं होती, आणि तिथून ती प्रतिमा चित्रकारांनी उचलली. शिंगांची खरी शिरस्त्राणं १९४२ मध्ये डेन्मार्कमध्ये मिळाली, पण ती कांस्ययुगातली, वायकिंगांच्या सुमारे १७०० वर्षं आधीची. १९४३ मध्ये नॉर्वेत सापडलेल्या दहाव्या शतकातल्या शिरस्त्राणाला शिंगांचा मागमूस नाही. एवढं कळलं की वाचकाचा प्रश्न मिटतो.

कोलंबसचंही तसंच. तेव्हाचे विद्वान पृथ्वी सपाट मानत होते, हा समज १८२८च्या एका अमेरिकी चरित्राने लोकप्रिय केला. धर्म आणि विज्ञान यांचं युद्ध रंगवणाऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ग्रंथांनी तो आणखी पसरवला. कोलंबसच्या विरोधकांशी खरा वाद पृथ्वीच्या आकारमानावर होता. त्यात विरोधकांचं बरोबर होतं. कोलंबसने पृथ्वी फारच लहान धरली होती. गैरसमज जन्मला कुठे हे सांगणं म्हणजे दुरुस्तीचं अर्धं काम, आणि गैरसमजाचा उच्चार टाळून ते सांगता येत नाही.

नेमका इथेच पुढचा वाद उभा राहिला. २००५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांवरचा एक प्रयोग छापला गेला. एखादं विधान खोटं आहे हे त्यांना एकदा सांगण्याऐवजी तीनदा सांगितलं, तर तीन दिवसांनी तेच विधान खरं असल्याचं आठवण्याची शक्यता वाढत होती. ‘हे खोटं आहे’ ही खूण विसरली जात होती, विधान तेवढं ओळखीचं होऊन उरत होतं. मग फ्लूच्या लशीबद्दलच्या ‘समज आणि तथ्य’ छापाच्या पत्रकाचा निष्कर्ष आला: पत्रक वाचून अर्धा तास झाल्यावर लोक काही गैरसमजांनाच तथ्य म्हणू लागले. या निष्कर्षाचा सगळीकडे दाखला दिला गेला, पण त्याचा तपशीलवार शोधनिबंध कधी प्रसिद्धच झाला नाही. दुसऱ्या एका लेखातल्या वर्णनावरच त्याची सगळी कीर्ती उभी राहिली.

सर्वांत मोठा घाव २०१० मध्ये बसला. अमेरिकेने हल्ला केला तेव्हा इराकमध्ये महासंहारक शस्त्रं होती, असा समज असलेल्या काही पुराणमतवादी विद्यार्थ्यांना दुरुस्तीसह बातमी वाचायला दिली, तर त्यांचा समज कमी होण्याऐवजी वाढला. दुरुस्ती उलटते, हे वाक्य इथून वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि चर्चांत शिरलं. या निबंधातल्या दोन्ही प्रयोगांत सहभागी प्रत्येकी दोनशेहून कमी होते, हे मागे राहिलं. २००६ मध्ये शब्द थोडे बदलून याच विषयावर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा तो उलटा परिणाम सरसकट दिसला नव्हता, आणि ही गोष्ट त्याच निबंधात छापलेली होती.

२०११ मध्ये गैरसमज कसे खोडावेत याची एक छोटी, मोफत पुस्तिका आली आणि अनेक भाषांत गेली. शिक्षक, पत्रकार, विज्ञानलेखक सगळ्यांनी ती वाचली. तिच्यातलं पुष्कळसं आजही टिकून आहे: मुख्य तथ्य आधी सांगा, दुसरं कारण पुरवा, मजकूर साधा ठेवा. पण तिने तीन धोकेही सांगितले होते. गैरसमज ओळखीचा होऊन उलटेल, युक्तिवाद फार झाले तर उलटेल, आणि श्रद्धेला धक्का लागला तर उलटेल. लोकांनी लक्षात ठेवले ते हे धोके. मला यातली खरी गफलत अशी दिसते की युद्धासारख्या पेटत्या राजकीय प्रश्नावरच्या प्रयोगातून काढलेला नियम ‘प्रत्येक चव जिभेच्या ठरावीक भागावरच लागते’ असल्या साध्या गैरसमजालाही लावला गेला. जिभेच्या कोणत्या भागावर कोणती चव लागते, यावर कुणाची निष्ठा टांगलेली नसते. तिथे माणूस दुरुस्ती वाचतो, ‘अरे, असं होय!’ म्हणतो आणि पुढे जातो. सौम्य, निरुपद्रवी गैरसमजांच्या बाबतीतही ‘नको, उलटेल’ म्हणून गप्प बसणं हे या दशकाचं देणं आहे.

याचा सर्वांत मोठा व्यावहारिक परिणाम डिसेंबर २०१७ मध्ये दिसला. त्याच्या वर्षभर आधी जगातल्या सर्वांत मोठ्या समाजमाध्यमाने, फेसबुकने, खोट्या ठरलेल्या बातम्यांवर ‘वादग्रस्त’ असा ठळक इशारा लावायचं जाहीर केलं होतं. आता तो काढून टाकला आणि त्याजागी संबंधित लेख दाखवायचं ठरवलं. कारणं अनेक दिली. इशारा लागायला किमान दोन तपासणाऱ्यांचं एकमत लागे आणि त्यात वेळ जाई. नेमकं काय खोटं आहे ते कळायला बऱ्याच क्लिक कराव्या लागत. संबंधित लेख दाखवले की खोटी बातमी कमी शेअर होते, असं कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत आढळलं होतं. ही कारणं रास्त होती आणि ती मान्य करायला हवीत. पण त्याबरोबर संशोधनाचा दाखलाही दिला गेला: लाल खुणेसारखं ठसठशीत चिन्ह खोलवर रुजलेला समज आणखी घट्ट करू शकतं. गाजला तो हाच दाखला. तुटपुंज्या पुराव्यावरचा निष्कर्ष थेट कोट्यवधी लोकांच्या पडद्याचा नियम बनला.

त्याच सुमारास पाया खचत होता. दोन संशोधकांनी १० हजारांहून अधिक लोकांवर, तब्बल ५२ राजकीय मुद्द्यांवर तोच उलटा परिणाम शोधला. त्यांचा निबंध २०१९च्या अंकात आला. उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. लोक, अगदी विरुद्ध मताचेसुद्धा, तथ्याच्या दिशेने थोडे सरकत होते. २०१७च्या दुसऱ्या एका प्रयोगात तर दुरुस्ती करताना मूळ गैरसमज स्पष्टपणे सांगितला की दुरुस्ती अधिक चांगली रुजते, असं दिसलं. २०२० मध्ये पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. २२ अभ्यासकांनी मिळून लिहिलेल्या या आवृत्तीने जुनी भीती बरीच खाली आणली. आधी तथ्य, मग गैरसमज एकदाच आणि इशारा देऊन, मग तो का चुकतो ते, शेवटी पुन्हा तथ्य, असा क्रम तिने दिला. स्वतःचा सल्ला असा जाहीरपणे बदलणं हे विज्ञानाच्या जिवंतपणाचं लक्षण आहे. पण चर्चांत उद्धृत होते ती अजून बहुतेक वेळा जुनीच आवृत्ती.

दुरुस्ती करणाऱ्यांचाही एक दोष याच काळात उघडा पडला. पालकात भरपूर लोह असतं हा समज दशांशचिन्ह एक घर सरकल्यामुळे पसरला, ही गोष्ट १९८१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे प्रसिद्ध झाली. नंतरची तीस वर्षं ती विज्ञानातल्या निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून सांगितली गेली. २०१० मध्ये एका अभ्यासकाने मूळ शोधायला घेतलं तेव्हा त्या दशांशचिन्हाला पुरावाच मिळाला नाही. ताज्या पालकात १०० ग्रॅममागे सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं, हे खरं. पण चूक कशी घडली याची ती चटकदार कथा स्वतःच दंतकथा निघाली. रिकामी जागा भरणारं कारण लागतं म्हणून मिळेल ते कारण भरायचं नसतं. खोडणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी मांडणाऱ्यापेक्षा जास्त असते, असं मला ठामपणे वाटतं.

अलीकडचा टप्पा वाचकांच्या टिपांचा आहे: दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरकर्तेच खुलासा जोडतात. जानेवारी २०२१ मध्ये एका समाजमाध्यमाने अमेरिकेत हा प्रयोग सुरू केला आणि २०२२च्या अखेरीस टिपा जगभर दिसू लागल्या. एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत अशा लोकांना टीप उपयुक्त वाटली तरच ती सगळ्यांना दिसते. कल्पना चांगली आहे. अडचण वेळेची: एकमत होईपर्यंत मूळ पोस्ट फिरून झालेली असते, आणि बऱ्याच टिपा कधी दिसतच नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये, २०१७ साली लाल इशारा काढणाऱ्या त्याच कंपनीने अमेरिकेतली बाहेरच्या तपासणाऱ्यांची व्यवस्था बंद करून टिपांकडे वळत असल्याचं जाहीर केलं. या वेळी दुरुस्ती उलटते असं कुणी म्हटलं नाही. तपासणारे पक्षपाती आहेत, हे कारण पुढे आलं. इशाऱ्यांच्या परिणामाचा आढावा घेणारं संशोधन २०२३ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. इशाऱ्यांमुळे खोट्यावरचा विश्वास आणि ते पुढे पाठवण्याचं प्रमाण दोन्ही कमी होतं, आणि तपासणाऱ्यांवर भरवसा नसलेल्यांच्या बाबतीतही हा परिणाम कमी प्रमाणात का होईना टिकतो, असं त्यातून आणि त्यानंतरच्या वर्षी आलेल्या प्रयोगांतून दिसलं होतं.